पुड्यावरचं लोह आणि अंगी लागणारं लोह: एका बिस्किटाचं प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या बिस्किट कारखान्याचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि प्रत्येक निर्णयातून पुढची अडचण कशी उभी राहिली, एवढंच इथे मांडलं आहे. माझा संबंध बाहेरचा सल्लागार म्हणून, तोही गोष्टी बिघडल्यानंतरचा.

पार्श्वभूमी

एका सामाजिक संस्थेला शाळा आणि पाळणाघरांतल्या मुलांना मधल्या वेळेत काहीतरी पौष्टिक द्यायचं होतं. बिस्किट टिकतं, वाटायला सोपं, मुलं खातात. अट अशी होती: 50 ग्रॅमच्या एका पुड्यातून लोह, फॉलिक ॲसिड, बी-12 आणि अ जीवनसत्त्व यांच्या रोजच्या गरजेच्या 30 टक्के वाटा मिळावा. लोहासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा संदर्भ आकडा 14 मिलिग्रॅम धरला, म्हणजे पुड्यामागे 4.2 मिलिग्रॅम. 30 टक्केच का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. गोल आकडा होता आणि पुड्यावर छापायला बरा दिसत होता.

कारखान्याकडे अख्ख्या गव्हाच्या पिठाचं, जवसाची पूड घातलेलं एक बिस्किट आधीपासून होतं. ‘आरोग्यदायी’ म्हणून ते बऱ्यापैकी खपत होतं. त्यातच प्रीमिक्स, म्हणजे या पोषक घटकांचं तयार मिश्रण, मिसळायचं ठरलं. कोंडा चांगला, जवस चांगलं, लोह चांगलं, मग तिन्ही एकत्र आले तर अधिकच चांगलं, असा हिशेब. या निर्णयाला एक बैठकही पुरी लागली नाही. पुढचा जवळजवळ सगळा मनस्ताप इथूनच निघाला.

थोडं विषयांतर. अन्नात पोषक घटक मिसळण्याची गोष्ट निघाली की आयोडीनयुक्त मिठाचा दाखला हमखास दिला जातो. स्वित्झर्लंडमध्ये 1922 पासून आणि अमेरिकेत 1924 पासून ते सुरू झालं आणि गलगंड झपाट्याने कमी झाला. पण आयोडीनची बाजू मुळातच सोपी आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. एवढ्याशा मात्रेला ना चव, ना रंग, आणि मीठ सगळेच थोड्याफार फरकाने सारखंच खातात. लोह मिलिग्रॅममध्ये लागतं, म्हणजे शंभरपटीच्या घरात. त्यातून हा धातू गप्प बसणारा नाही. तो तेलाशी, रंगद्रव्यांशी, जीवनसत्त्वांशी, सगळ्यांशी भांडतो. जे लोह शरीरात सहज शोषलं जातं तेच अन्नात जास्त उपद्रव करतं, आणि जे निमूट पडून राहतं ते पोटातही बहुधा निमूटच राहतं. लोहाच्या बाबतीत प्रत्येक निवड या दोन टोकांमधली असते.

पहिली निवड

प्रीमिक्स पुरवणाऱ्याने लोहाचे वेगवेगळे प्रकार पुढे ठेवले. कारखान्याने इलेक्ट्रोलिटिक आयर्न उचललं. ही शुद्ध लोहाची अतिशय बारीक भुकटी असते. स्वस्त असते, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चव-रंग बदलत नाही आणि तेलालाही फारशी डिवचत नाही. सहा महिन्यांच्या साठवण चाचणीत बिस्किट उत्तम राहिलं.

पण ही भुकटी आधी पोटातल्या आम्लात विरघळावी लागते, आणि ती पुरती विरघळत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत या प्रकाराची मात्रा फेरस सल्फेट या पाण्यात विरघळणाऱ्या, सहज शोषल्या जाणाऱ्या लोहाच्या क्षाराच्या दुप्पट धरली आहे, आणि तीही फक्त मैद्यासारख्या कोंडा काढलेल्या पिठासाठी. अख्ख्या पिठासाठी हा प्रकार सुचवलेलाच नाही. कारण कोंड्यातलं फायटिक आम्ल. ते लोहाला असं धरून ठेवतं की आतड्याला ते उचलता येत नाही. पावात यीस्टमुळे पीठ आंबतं आणि फायटिक आम्लाचा काही भाग तुटतो. बिस्किटाचं पीठ आंबवतच नाहीत. नंतर मी ढोबळ हिशेब केला तेव्हा या बिस्किटात लोहाच्या एका अणूमागे फायटिक आम्लाचे साधारण चार रेणू निघाले. लोह नीट शोषलं जायचं तर हे प्रमाण एकास एकच्या खाली हवं, आणि शक्यतो 0.4 च्याही खाली.

हे सगळं कागदावर आधीच दिसलं असतं. कारखान्याला ते दिसलं नाही. दिसला तो मेटल डिटेक्टर.

पॅकिंगनंतर पट्ट्यावरून जाणारे पुडे डिटेक्टर धडाधड बाजूला फेकायला लागला. पुड्यात धातू आहे, असं यंत्र सांगत होतं, आणि ते खरंच होतं. उत्पादन सुरू ठेवायचं म्हणून पाळीवरच्या माणसाने संवेदनक्षमता कमी केली. आरडाओरडा थांबला. दर तासाला ठरावीक व्यासाच्या लोखंडी गोळ्या पट्ट्यावरून सोडून यंत्र तपासायची तिथली पद्धत होती. त्यात गुणवत्ता विभागातल्या बाईंच्या लक्षात आलं की पूर्वी पकडली जाणारी सगळ्यात लहान गोळी आता खुशाल पलीकडे जातेय. त्यांनी पाळी थांबवली. मग मागचे टप्पे तपासताना पिठाच्या चाळणीखालचा चुंबक बाहेर काढला, तर त्यावर काळसर राखाडी लव उगवल्यासारखा थर. प्रीमिक्स चुंबकाच्या आधी हॉपरमध्ये पडत होतं, म्हणजे विकत घेतलेल्या लोहाचा काही भाग कारखाना स्वतःच गाळून काढत होता.

पुड्यातलं लोह आरोग्यासाठी घातलेलं असलं तरी त्यासाठी खिळ्याचा तुकडा पकडणारं यंत्र आंधळं करणं हा सौदा होऊ शकत नाही. त्या बाईंनी पाळी थांबवली नसती तर हे प्रकरण वेगळ्याच कारणाने लिहावं लागलं असतं.

दुसरी निवड

यावर उपाय म्हणून लोह बदललं. फेरस सल्फेट घेतलं. शोषणाच्या बाबतीत इतर लोहं ज्याच्याशी ताडून पाहतात ते हेच, आणि हेही स्वस्त. डिटेक्टर शांत झाला. संवेदनक्षमता पूर्ववत केली. सगळे खूश.

साठवण चाचणी मात्र पुन्हा पूर्ण केली नाही. ‘रेसिपी तीच आहे, फक्त लोहाचा प्रकार बदललाय,’ असं कारण दिलं गेलं. काही पुडे दोन आठवडे उष्ण कपाटात ठेवले, पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल किती बिघडलंय याचं एक मोजमाप) मोजली, ती मर्यादेत आली आणि माल निघाला.

अडचण

तिसऱ्या महिन्यात तक्रारी यायला लागल्या. बिस्किट खवट लागतं. काहींनी जुन्या तेलाचा वास म्हटलं, काहींनी रंगाच्या डब्याचा. मुलं एक बिस्किट खाऊन बाकीचा पुडा ठेवून देत होती. पाळणाघरातल्या एका कार्यकर्तीने तर उरलेली बिस्किटं पुड्यासकट परत पाठवली.

कारखान्याची पहिली प्रतिक्रिया तक्रार खोडून काढण्याची होती, आणि त्यांच्या हातात आकडे होते. परत आलेल्या पुड्यांची पेरॉक्साइड व्हॅल्यू मोजली तर ती सहा आठवड्यांच्या पुड्यांपेक्षा कमी! म्हणजे जुना माल नव्यापेक्षा ताजा?

मला याच टप्प्यावर बोलावलं. कोडं दिसतं तेवढं अवघड नाही. तेल हवेतल्या ऑक्सिजनने बिघडायला लागतं तेव्हा आधी पेरॉक्साइडं तयार होतात. त्यांना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. पुढे ती तुटतात आणि हेक्सानलसारखी अल्डिहाइडं बनतात. नाकाला खवटपणा कळतो तो यांच्यामुळे. म्हणून पेरॉक्साइड व्हॅल्यू आधी चढते, एका उंचीला पोचते आणि मग उतरते. उतरणीवर मोजलेला कमी आकडा चढणीवरच्या कमी आकड्यासारखाच दिसतो. त्यातून विरघळलेलं लोह ही पेरॉक्साइडं तोडण्याच्या कामात पटाईत, त्यामुळे लोह घातलेल्या पदार्थात ही चाचणी एकटी वापरणं म्हणजे फसगतीला आमंत्रण. सोबत ॲनिसिडिन व्हॅल्यू (अल्डिहाइडांचं मोजमाप) मोजायला हवी किंवा थेट हेक्सानल. आम्ही परत आलेल्या पुड्यांची ॲनिसिडिन व्हॅल्यू काढली आणि नाक बरोबर निघालं.

त्याच पुड्यांतलं अ जीवनसत्त्वही तपासलं. निम्म्याहून जास्त गेलेलं होतं. अ जीवनसत्त्वाला ऑक्सिजन, उजेड आणि लोह तिन्ही सोसत नाहीत, आणि बिस्किट दिसावं म्हणून पुड्याला पारदर्शक खिडकी ठेवलेली.

दोषी कोण हे ठरवायला मोठ्या प्रयोगाची गरज नव्हती. चार प्रकारची बिस्किटं भाजली: लोह आणि जवस दोन्ही, फक्त लोह, फक्त जवस, दोन्ही नाही. पुड्यांवर नुसते आकडे टाकले आणि कारखान्यातल्याच, पण या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या लोकांना दर आठवड्याला वास घ्यायला लावला. दोन्ही असलेला गट सगळ्यात आधी आणि ठळकपणे खवट झाला. फक्त जवसाचा बराच नंतर. फक्त लोहाचा चाचणी संपेपर्यंत चालण्यासारखा होता. जवसातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल तीन दुहेरी बंधांचं, ऑक्सिजनला फार लवकर बळी पडणारं. त्यात विरघळणारं लोह घातलं की वेगळं काही करावं लागत नाही. हा चार गटांचा प्रयोग सुरुवातीलाच केला असता तर खर्च एका दुपारच्या भट्टीचा आणि काही महिन्यांच्या धीराचा होता.

समोर आलेले पर्याय

विक्री विभागाने व्हॅनिला वाढवायला सांगितलं. वास झाकला जातो, तेल बिघडायचं थांबत नाही. हा पर्याय लगेच बाद केला.

टोकोफेरॉलसारखी अँटिऑक्सिडंट (तेल बिघडणं लांबवणारी द्रव्यं) घालणं उपयोगी होतं, पण लोह मोकळं असेपर्यंत ती फक्त वेळ विकत घेतात.

लेप दिलेलं फेरस सल्फेट ऐकायला सर्वांत आकर्षक वाटलं. लोहाच्या कणाभोवती घट्ट स्निग्धाचं कवच, त्यामुळे ते तेलापासून दूर. अडचण अशी की नेहमीची ही कवचं साधारण 50 ते 70 अंश सेल्सिअसला वितळतात, आणि बिस्किटाची भट्टी त्याच्या कितीतरी पुढे असते. लेपाचे पैसे द्यायचे आणि भट्टीतून लेप नसलेलं लोह बाहेर काढायचं, असा प्रकार झाला असता. कोरड्या मिश्रणासाठी हा चांगला मार्ग आहे, भाजायच्या पदार्थासाठी नाही.

फेरिक पायरोफॉस्फेट पांढरं, शांत, तेलाला न छेडणारं. पण शोषण कमी, आणि समोर एवढं फायटिक आम्ल. म्हणजे इलेक्ट्रोलिटिक लोहाचीच गोष्ट पुन्हा.

क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं म्हणून तेही घाला, असं संस्थेतल्या एका डॉक्टरांनी सुचवलं. तत्त्व बरोबर आहे, पण ते भट्टीत बहुतांश नष्ट होतं. त्यापेक्षा बिस्किटासोबत एखादं ताजं फळ देणं सोपं.

उरलं सोडियम आयर्न ईडीटीए. यात ईडीटीए हे धातूला पकडून ठेवणारं रसायन लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे फायटिक आम्लाच्या तावडीत ते सापडत नाही. कोंड्यासकटच्या पिठात त्याचं शोषण फेरस सल्फेटच्या दोन-तीन पट होतं, आणि अख्ख्या पिठासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला लोहाचा प्रकार हाच. फेरस सल्फेटपेक्षा तेल कमी बिघडवतं. लोहाच्या दर मिलिग्रॅममागे महाग पडतं खरं, पण शोषण जास्त म्हणून मात्रा कमी लागते.

आणखी एक पर्याय होता, आणि तो सगळ्यात प्रामाणिकपणे संस्थेच्याच एका सदस्याने मांडला: बिस्किटात लोह नकोच, ज्या मुलांना कमतरता आहे त्यांना तपासून औषध द्या. हा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. तपासणी आणि पाठपुरावा करणारी यंत्रणा असेल तर औषध अधिक नेमकं. संस्थेकडे ती यंत्रणा नव्हती आणि नजीकच्या काळात होणारही नव्हती, म्हणून बिस्किटात लोह ठेवण्याचा निर्णय झाला.

खरा वाद: 30 की 20

ईडीटीएला मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने ती रोज शरीराच्या दर किलो वजनामागे 1.9 मिलिग्रॅम ठरवली आहे. या संयुगात एक मिलिग्रॅम लोहासोबत सुमारे 5.2 मिलिग्रॅम ईडीटीए येतं. 4.2 मिलिग्रॅम लोह ठेवलं तर पुड्यात जवळपास 22 मिलिग्रॅम ईडीटीए. वीस किलोच्या मुलाला मर्यादा 38, तिथे प्रश्न नाही. पण पाळणाघरातल्या बारा किलोच्या मुलाची मर्यादा 22.8. एका पुड्यातच ती भरत आली, आणि दुसरा पुडा हाती लागला तर ओलांडली. ‘मुलं’ या एका शब्दाखाली दोन वर्षांचं आणि दहा वर्षांचं पोर एकत्र धरल्याचा हा परिणाम.

म्हणून लोह 2.8 मिलिग्रॅमवर आणायचं सुचवलं, म्हणजे संदर्भ आकड्याच्या 20 टक्के. ईडीटीए 15 मिलिग्रॅमच्या आत येतं, आणि शोषण लक्षात घेता मुलाच्या अंगी लागणारं लोह आधीच्या 4.2 पेक्षा कमी नाही, उलट जास्तच.

विक्री विभाग उसळला. ‘काल पुड्यावर तीस होते, आज वीस लिहिलं तर लोक म्हणतील की यांनी लोह काढून घेतलं.’ हे खोटं नव्हतं. पुड्यावर घातलेल्या लोहाचा आकडा छापायची सोय आहे, शोषलेल्याचा नाही. संस्थेच्या करारातही 30 टक्केच लिहिलं होतं. करार बदलायचा तर त्यांच्या विश्वस्तांसमोर हा सगळा हिशेब मांडावा लागणार होता. कारखान्याच्या मालकांनी तो मांडायचं ठरवलं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत योग्य निर्णय. 30 चा आकडा राखून इलेक्ट्रोलिटिक लोहाकडे परत जाणं, डिटेक्टरसाठी काहीतरी जुगाड करणं, हे सहज शक्य होतं आणि कागदोपत्री कुणी बोट ठेवलं नसतं.

विश्वस्तांनी बदल मान्य केला. एक गोष्ट मदतीला आली: पुडा 50 ग्रॅमचा असल्याने 100 ग्रॅमला 5.6 मिलिग्रॅम लोह होतं, म्हणजे संदर्भ आकड्याच्या 40 टक्के. कोडेक्सच्या नियमानुसार घन पदार्थात 100 ग्रॅमला 30 टक्के असलं की ‘भरपूर’ म्हणता येतं. विक्री विभागाला छापायला काहीतरी मिळालं.

केलेले बदल

जवस या पुड्यातून काढलं. ते बाजारातल्या जुन्या बिस्किटात राहिलं, तिथे लोह नाही. पारदर्शक खिडकी गेली.

अ जीवनसत्त्वही काढलं, पण फक्त टिकत नाही म्हणून नव्हे. चौकशीत कळलं की यातल्या बऱ्याच मुलांना त्याचे मोठे डोस दुसऱ्या कार्यक्रमातून ठरावीक काळाने मिळतातच. अ जीवनसत्त्व शरीरात साठतं, जास्त झालेलं सहज बाहेर पडत नाही. कोण काय देतंय हे न विचारता प्रत्येकाने आपापलं भर घालत जाणं लहान मुलांच्या बाबतीत बरं नाही.

फॉलिक ॲसिड आणि बी-12 जोडीनेच ठेवले. फक्त फॉलिक ॲसिड दिलं तर बी-12 च्या कमतरतेतला रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आतून चालू राहतं. या दोघांची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, त्यामुळे सारखं मिसळणं जिकिरीचं. प्रीमिक्स आधी थोड्या पिठात, मग त्याहून जास्त पिठात, असं टप्प्याटप्प्याने मिसळायला लावलं. ईडीटीएचं लोह पाण्यात विरघळतं, ते पिठाच्या पाण्यातूनच गेलं.

साठवण चाचणी पूर्ण सहा महिने, नेहमीच्या तापमानाला. उष्ण कपाटातली चाचणी सोबतीला, तिच्या जागी नाही.

निष्पत्ती

सहा महिन्यांनंतर खवट वास नाही, पेरॉक्साइड आणि ॲनिसिडिन दोन्ही आकडे आटोक्यात. बिस्किट किंचित गडद झालं, त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. डिटेक्टर जुन्या संवेदनक्षमतेवर चालतोय. उरलेले पुडे परत येणं जवळपास थांबलं.

मुलांच्या रक्तावर काय परिणाम झाला? संस्थेने पुरवठ्याआधी आणि काही महिन्यांनी हिमोग्लोबिन मोजलं होतं, सरासरी वाढलेली दिसली आणि त्याचा तक्ता जाहिरातीत वापरायची विनंती आली. कारखान्याने नकार दिला, आणि बरोबर केलं. बिस्किट न मिळालेल्या मुलांचा गट नव्हता. त्याच काळात जंतनाशक गोळ्या दिल्या गेल्या होत्या. मुलं काही महिन्यांनी मोठीही झाली होती. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) मोजलं नव्हतं, आणि मोजलं असतं तरी अंगात संसर्ग असला की ते चढतं, त्यामुळे सोबत सीआरपी, म्हणजे संसर्ग-दाह दाखवणारं मोजमापही हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न ‘कोणत्या बिस्किटात घालायचं’ हा नको होता. खाणारं मूल किती किलोचं, त्याला आणखी कुठून काय मिळतं, हे आधी विचारायला हवं होतं. मग 30 टक्क्यांचा आकडा करारात शिरलाच नसता, आणि पाळणाघर व शाळा यांच्यासाठी वेगळे पुडे सुरुवातीलाच ठरले असते. आता ते ठरतायत, म्हणजे पुन्हा नवं पॅकिंग आणि पुन्हा सहा महिने.

मैद्याचं बिस्किट घेतलं असतं तर साधं फेरस फ्युमरेटसुद्धा कदाचित पुरलं असतं आणि ईडीटीएचा हिशेब टळला असता. कोंड्याचे स्वतःचे फायदे आहेत, ते कुणी नाकारत नाही. पण लोह पोचवणं हेच काम असेल तर त्या कामापुरता कोंडा आड येतो, आणि ‘आरोग्यदायी’ बिस्किटाच्या मालकाला हे पटवणं सोपं नसतं. इथेही पटलं नाही.

लोहाचा प्रकार बदलणं म्हणजे नवं उत्पादन, हा नियम कारखान्याने आता लिहून ठेवला आहे. डिटेक्टरची संवेदनक्षमता बदलायला दोन सह्या लागतात, त्यातली एक गुणवत्ता विभागाची. अँटिऑक्सिडंट घालायचं की नाही हा प्रश्न अजून उघडा आहे. सहा महिन्यांसाठी गरज दिसत नाही, पण संस्थेला नऊ महिन्यांची मुदत हवी आहे.